ब्लू बीटलचा जुना अंक हातात आला तर: चार्लटनचं कॉमिक कसं वाचावं, ओळखावं आणि जपावं

जुनं अमेरिकन सुपरहिरो कॉमिक म्हटलं की दोनच नावं पुढं येतात, मार्व्हल आणि डीसी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची नवी वाचक मुलं कॉमिक्सबद्दल विचारतात तेव्हा त्यांचा प्रश्नही तिथूनच सुरू होतो. मी त्यांना तिसरीकडं पाठवतो. कनेटिकट राज्यातल्या डर्बी नावाच्या छोट्या गावात चार्लटन नावाचा एक प्रकाशक होता. त्याची १९६० च्या दशकातली सुपरहिरो कॉमिक्स नवख्या वाचकाला चित्र बघायला शिकवतात, कारण त्यांत काहीच झाकलेलं नसतं. कागद हलका, छपाई ओबडधोबड आणि त्याच पानावर त्या काळातल्या उत्तम चित्रकारांपैकी एकाची रेषा, हे सगळं एकदम समोर येतं.

अशा कॉमिकला मोठ्या प्रकाशकाची फूटपट्टी लावायची नाही. ते कुठल्या कारखान्यात, किती पैशात आणि कुणाच्या हातानं झालं, हे बघत वाचायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

पहिली पायरी: एकच प्रकाशक, एकच नायक धरा

सुरुवातीला सगळं गोळा करायला जाऊ नका. फॉक्स, फॉसेट, क्वालिटी, टॉवर, चार्लटन असे विस्मरणात गेलेले प्रकाशक पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा इतिहास वेगळा आहे. एक धरा. मी चार्लटन सुचवतो आणि त्यातही ब्लू बीटल, कारण या एका नायकात तीन पिढ्यांचा इतिहास आहे.

ब्लू बीटल पहिल्यांदा आला ऑगस्ट १९३९ च्या ‘मिस्टरी मेन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात. तो फॉक्स या प्रकाशकाचा होता. फॉक्सचा धंदा बुडाल्यावर नायक फिरत फिरत चार्लटनकडं आला. चार्लटननं १९६४ मध्ये त्याला नव्या रूपात काढलं. हा डॅन गॅरेट, पुरातत्त्वाचा अभ्यासक, इजिप्तमध्ये सापडलेल्या भुंग्याच्या ताइतातून शक्ती मिळवणारा. त्यानंतर नोव्हेंबर १९६६ च्या ‘कॅप्टन अ‍ॅटम’ अंक ८३ मध्ये स्टीव डिटको यांनी तिसरा ब्लू बीटल आणला, टेड कॉर्ड. याच्याकडं कसलीही दैवी शक्ती नाही. तो संशोधक आहे, भुंग्याच्या आकाराचं उडतं यान त्यानं स्वतः बनवलंय, आणि बाकी सगळी भिस्त अंगातल्या चपळाईवर. मला तिघांत हाच आवडतो. मार खाऊ शकणारा माणूस उडी मारतो तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा येतो. न मरणाऱ्या देवमाणसाच्या उडीत ती गंमत नाही.

दुसरी पायरी: अंक उघडण्याआधी कारखाना समजून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग ‘छपाई भिकार आहे’ म्हणून पुस्तक मिटतात.

जॉन सँटँजेलो हा इटलीतून अमेरिकेत आलेला माणूस. लोकप्रिय गाण्यांचे शब्द परवानगीशिवाय छापून विकायचा, त्यापायी १९३० च्या दशकात त्याला तुरुंगवास झाला. न्यू हेवनच्या तुरुंगात त्याची गाठ एड लेव्ही या वकिलाशी पडली. बाहेर आल्यावर दोघांनी रीतसर हक्क घेऊन गाण्यांची मासिकं काढायला सुरुवात केली. दोघांच्याही मुलांचं नाव चार्ल्स, त्यावरून कंपनीचं नाव चार्लटन पडलं.

या कंपनीची खासियत अशी की संपादन, छपाई आणि वितरण सगळं डर्बीच्या एकाच आवारात चाले. इतर प्रकाशक बाहेरच्या प्रेसमध्ये छापून घेत, यांचं यंत्र घरचं. ते यंत्र बंद ठेवणं परवडत नसे. आपल्याकडं गळीत हंगामात साखर कारखान्याचा बॉयलर थंड होऊ देत नाहीत, तशीच ही गोष्ट. गाण्यांच्या मासिकांचं काम संपलं की यंत्रावर कॉमिक्स चढायची. प्रेमकथा, युद्धकथा, काउबॉय, भुतं, मोटारशर्यती, जे चालेल ते. त्यात मध्येच सुपरहिरो.

चित्रकारांना मिळणारा पानामागचा दर या व्यवसायात सगळ्यात कमी पैकी एक होता. त्या बदल्यात एक गोष्ट मिळे: कुणी मानेवर बसत नसे. वेळेत पानं द्या, मग गोष्ट कशी सांगायची ते तुमचं तुम्ही बघा. डिटको यांना हेच हवं होतं. १९६२ मध्ये स्पायडर-मॅन ज्यांच्या हातून उभा राहिला तेच हे डिटको. १९६६ मध्ये त्यांनी मार्व्हल सोडलं आणि ते डर्बीच्या कामाकडं वळले. पगाराचा विचार करणारा माणूस उलट्या दिशेनं गेला असता.

ऑगस्ट १९५५ मध्ये डर्बीच्या नदीला मोठा पूर आला. कागदाचे साठे आणि तयार चित्रं पाण्यात गेली, आणि त्यानंतर दर आणखी खाली आले. ऑगस्ट २०१९ मध्ये दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभेच्या पाण्यात ज्यांच्या घरातली पुस्तकं गेली, त्यांना या प्रकाशकाचं दुखणं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

हे माहीत झालं की पान वेगळं दिसायला लागतं. रंग रेषेबाहेर सरकलाय, कारण यंत्र जुनं आणि वेग जास्त. पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यातली अक्षरं टाइप केल्यासारखी सरळसोट आहेत, कारण हातानं अक्षरं काढणाऱ्याचा खर्च वाचवायला चार्लटननं यंत्र वापरलं. त्या काळातल्या अनेक अंकांत अक्षरलेखनाचं श्रेय ‘ए. मशीन’ या नावाला दिलेलं सापडतं. ही नोंद दिसली की तिथं थांबा. त्या पानावर पैसा कुठं वाचवला आणि कुठं नाही, हे तिथंच कळतं.

तिसरी पायरी: अंकाचा क्रमांक, महिना आणि बारीक अक्षरं

नवखा सगळ्यात जास्त फसतो तो इथं. ‘ब्लू बीटल अंक १’ असं कुणी सांगितलं तर लगेच विचारा, कुठल्या सालचा? फॉक्सचा पहिला अंक वेगळा, चार्लटनचा जून १९६४ चा पहिला अंक वेगळा आणि डिटकोंचा जून १९६७ चा पहिला अंक आणखी वेगळा. तिन्हींवर नाव तेच, आकडाही तोच. विकणारा मुद्दाम फसवतो असंही नाही, पुष्कळदा त्यालाच ठाऊक नसतं.

उलटा गोंधळही आहे. ‘कॅप्टन अ‍ॅटम’ या नावाचं चार्लटनचं मासिक सुरू झालं तेच अंक ७८ पासून, डिसेंबर १९६५ मध्ये. त्याआधीचे सत्त्याहत्तर अंक शोधत बसू नका, तो आकडा ‘स्ट्रेंज सस्पेन्स स्टोरीज’ या दुसऱ्याच मासिकाकडून आलाय. अमेरिकेत मासिकांना स्वस्त टपालदराचा परवाना लागे. नवं मासिक म्हणजे नवा परवाना, नवा खर्च. म्हणून जुन्या मासिकाचं नाव बदलून आकडा तसाच पुढं चालवायचा. ‘थंडरबोल्ट’चं तर याहून विचित्र: जानेवारी १९६६ मध्ये अंक १, आणि पुढचा अंक थेट ५१, कारण मध्ये तो ‘सन ऑफ व्हल्कन’ या मासिकाच्या जागेवर बसवला. असे आकडे बघून संच अपुरा आहे असं समजू नका.

खात्री करायची जागा एकच. पहिल्या आतल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत प्रकाशकाचा मजकूर असतो. त्यात मासिकाचं नाव, अंक, महिना, साल आणि पत्ता असतो. चार्लटन असेल तर तिथं डर्बी, कनेटिकट दिसलंच पाहिजे. मुखपृष्ठावरचा महिना हा अंक दुकानात आल्याचा महिना नसे, हेही लक्षात ठेवा. अंक दोन-तीन महिने आधीच विक्रीला येई, म्हणजे दुकानदार तो जुना समजून लवकर परत पाठवत नसे.

मुखपृष्ठावर ‘मॉडर्न कॉमिक्स’ असं लिहिलं असेल तर ती चार्लटननंच १९७७-७८ च्या सुमारास काढलेली पुनर्मुद्रणं. ती पिशवीत घालून मोठ्या दुकानांतून विकली जात. ब्लू बीटलचा १९६७ चा पहिला अंक आणि कॅप्टन अ‍ॅटमचे ८३ ते ८५ हे त्यांत आहेत. वाचायला अगदी उत्तम, फक्त मूळ अंकाच्या किमतीला घेऊ नका.

टपालाच्या नियमाचा आणखी एक ठसा आत सापडेल. स्वस्त दर मिळायचा तर मासिकात काही पानं नुसत्या मजकुराची असावी लागत. म्हणून चित्रांच्या मध्येच छोटी कथा किंवा वाचकांची पत्रं येतात. मुलं ती पानं उलटून पुढं जातात. पत्रं तरी वाचा, त्या वेळच्या वाचकाला काय आवडत होतं ते तिथं त्याच्याच शब्दांत असतं. वर्षातून एकदा मालकीचं निवेदनही छापावं लागे, त्यात किती प्रती छापल्या आणि किती विकल्या त्याचे आकडे असतात. हिशेबात गोडी असणाऱ्याला तेवढं एक पान पुरेसं आहे.

चौथी पायरी: रेषा बघायला शिका

इंग्रजी वाचताना अडखळायला होत असेल तर फारच चांगलं. मराठी माध्यमातल्या मुलांना मी सांगतो, पहिल्या खेपेला एकही शब्द वाचू नका. नुसती चित्रं बघत शेवटापर्यंत जा आणि गोष्ट काय झाली ते घरात कुणाला तरी सांगा. डिटकोंची गोष्ट शब्दांशिवाय बरीचशी कळते. कुठं कळत नाही ती जागा लक्षात ठेवा, दुसऱ्या खेपेला तिथले शब्द वाचा.

मग हा अभ्यास करा, आणि त्यासाठी ‘कॅप्टन अ‍ॅटम’ अंक ८३ हाच घ्या. या एका अंकात दोन गोष्टी आहेत. पहिली कॅप्टन अ‍ॅटमची, तिची पेन्सिल (म्हणजे कच्चं रेखाटन) डिटकोंची आणि वरची शाई (म्हणजे त्यावरची पक्की रेघ) रॉकी मास्ट्रोसेरिओ यांची. दुसरी नव्या ब्लू बीटलची, तिची पेन्सिल आणि शाई दोन्ही डिटकोंची. चित्रकार एक, महिना एक, कागद एक, छापणारं यंत्र एक. फरक पडला तो फक्त शाईच्या हाताचा. चित्रकला शिकवणाऱ्या वर्गात असा नमुना मुद्दाम तयार करावा लागतो, इथं तो आयता मिळतो.

दोन्ही गोष्टींतलं एकेक पान शेजारी ठेवा. आधी फक्त हात बघा. डिटकोंचे हात प्रसिद्ध आहेत. बोटं ताणलेली, मनगट वळलेलं, रिकाम्या हवेतही काही पकडल्यासारखी. दुसऱ्याच्या शाईखाली ती बोटं कुठं मऊ पडली, कुठं टिकली? मग कपड्यांच्या चुण्या बघा. मग सावल्या: काळा रंग कुठं सलग भरलाय आणि कुठं बारीक रेघांनी उतरवलाय? मग उडी. ब्लू बीटल छतावरून झेपावतो तेव्हा अंगाचा बाक एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत कसा पुढं सरकतो ते बोटानं गिरवून बघा. घाई करू नका, एका बैठकीत दोन पानं पुरेत. ज्याला हे दिसायला लागलं त्याला पुढं कुणाचंही कॉमिक दिलं तरी तो ‘शाई कुणाची?’ असं विचारणार.

पुढचा पाठ क्वेश्चनचा. जून १९६७ च्या ‘ब्लू बीटल’ अंक १ मध्ये मागच्या पानांत हा नायक पहिल्यांदा आला. विक सेज हा दूरचित्रवाणीवरचा पत्रकार. तो एक असा मुखवटा घालतो की चेहऱ्यावर डोळे, नाक, तोंड काहीच उरत नाही. चेहराच नसलेल्या माणसाचा राग कसा काढायचा? डिटको खांद्यातून काढतात, टोपीच्या कलातून काढतात, कोटाच्या लोंबत्या टोकातून काढतात. मुलांना मी सांगतो, या गोष्टीतली चार चित्रं निवडा आणि प्रत्येकात क्वेश्चनच्या मनात काय आहे ते लिहा. चेहरा नसताना उत्तर येतं म्हणजे अंगाच्या ठेवणीतून येतं, दुसरं काही तिथं नाहीच.

रंगाकडं बघताना भिंग घ्या. टपाल तिकिटं जमवणाऱ्याच्या घरी असतं तसं साधं भिंग चालतं. निळा, लाल, पिवळा आणि काळा, एवढ्या चारच शायांतून सगळं छापलेलं आहे. त्वचेचा रंग म्हणजे पांढऱ्या कागदावर पसरलेले लाल-पिवळे ठिपके. आज संगणकावर तयार होणाऱ्या पुनर्मुद्रणात हे ठिपके जातात, रंग सपाट आणि चकचकीत होतात. माझं मत स्पष्ट आहे: शक्य असेल तेव्हा मूळ अंकाचं रंगीत स्कॅन बघा. ही चित्रं त्या खडबडीत, शाई पिणाऱ्या कागदासाठी काढलेली होती. चकचकीत कागदावर त्यांची काळी सावली जरा जास्तच कर्कश वाटते.

पाचवी पायरी: गोष्ट वाचताना काय मनात ठेवायचं

गोष्टी साध्या आहेत हे आधीच मान्य करा. टेड कॉर्डच्या स्वतःच्या पहिल्या अंकात, म्हणजे १९६७ च्या ‘ब्लू बीटल’ अंक १ मध्ये, माखल्यांचे वेष घातलेली टोळी चोऱ्या करते. कॅप्टन अ‍ॅटमचा जन्म मार्च १९६० च्या ‘स्पेस अ‍ॅडव्हेंचर्स’ अंक ३३ मध्ये लेखक जो गिल आणि डिटको यांनी नऊ पानांत उरकलाय. क्षेपणास्त्रात शेवटची दुरुस्ती करताना हवाई दलातला अधिकारी आतच अडकतो, क्षेपणास्त्र सुटतं, आकाशात फुटतं, आणि तो माणूस पुन्हा जमिनीवर उभा. पुढं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर त्याला भेटतात. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकेला अणुबॉम्बची भीती वाटत होती आणि त्याचाच आधारही वाटत होता; नऊ पानांत ते दोन्ही आलंय.

जो गिल यांच्याबद्दल दोन शब्द. चार्लटनसाठी त्यांनी प्रेमकथेपासून युद्धकथेपर्यंत सगळं लिहिलं, इतकं की त्यांच्या नावावरच्या कॉमिक कथांची गणती हजारांत जाते. अशा लेखकाकडून प्रत्येक गोष्टीत नवलाई मागू नका. गोष्ट पुढं कशी ढकलतात ते बघा, एकही चौकट वाया जात नाही.

डिटकोंचं लेखन मात्र जड आहे. क्वेश्चनच्या गोष्टींत योग्य आणि अयोग्य यांच्यामध्ये राखाडी पट्टा नाहीच. एका गोष्टीत गटाराच्या लोंढ्यात वाहून चाललेल्या गुन्हेगारांना तो वाचवत नाही, सरळ सोडून देतो. कॉमिक्स कोडचा, म्हणजे काय छापावं यावर प्रकाशकांनीच घालून घेतलेल्या नियमांचा, शिक्का असलेल्या अंकात १९६० च्या दशकात असा नायक हे मोठं धाडस होतं. तुम्हाला हा विचार पटेलच असं नाही. मलाही सगळा पटत नाही. पण तो ठाम आहे, आणि कुणी तो सौम्य करून छापलेला नाही. मोठ्या प्रकाशकाकडं हे पान असं राहिलं असतं असं मला वाटत नाही.

याचा पुढचा धागाही जोडून घ्या. १९८० च्या दशकात चार्लटनचे हे नायक डीसीनं विकत घेतले. लेखक अ‍ॅलन मूर यांनी डीसीसाठी ‘वॉचमेन’ ही कॉमिक मालिका (१९८६-८७) मांडली तेव्हा आधी हेच नायक डोळ्यासमोर होते. ते देता येणार नाहीत असं डीसीनं म्हटल्यावर त्यांनी नवी पात्रं केली, पण ठसा राहिला: क्वेश्चनवरून रॉर्शाक, ब्लू बीटलवरून नाइट आउल, कॅप्टन अ‍ॅटमवरून डॉक्टर मॅनहॅटन. नवे नायक करायला सुचवणारे डीसीचे संपादक डिक जोर्डानो. १९६० च्या दशकात चार्लटनमध्ये या नायकांची मालिका उभी करणारे संपादकही तेच.

सहावी पायरी: सीमाभागात बसून हे मिळवायचं कुठून

मूळ चार्लटन अंक बेळगावच्या रद्दीत सहज सापडेल अशी आशा धरू नका. रद्दीची दुकानं मात्र जरूर पालथी घाला. कॅम्प आणि टिळकवाडीकडच्या रद्दीत इंग्रजी मासिकं जास्त येतात. मराठी दुकानदाराला ‘मामा, जुनी चित्रांची पुस्तकं हाईत काय?’ आणि कन्नड दुकानदाराला ‘अण्णा, हळे कॉमिक्स अदावेन्री?’ असं विचारलं की गठ्ठा निघतोच. त्यात १९६४ पासून निघालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतली आणि कन्नडमधली मिळू शकतात. ती घ्या. वेताळाच्या त्या अंकांवर ठिपके, सरकलेला रंग, पिना, कागदाचा पिवळेपणा हे सगळं ओळखायचा सराव स्वस्तात होतो.

एखादा काळा-पांढरा, ब्रिटिश किंमत छापलेला, तारीख नसलेला जाड अंक दिसला तर नीट बघा. अ‍ॅलन क्लास हा ब्रिटिश प्रकाशक चार्लटनच्या गोष्टी काळ्या-पांढऱ्यात पुन्हा छापत असे. रंग नसल्यामुळं त्यात डिटकोंची शाई उघडी दिसते, अभ्यासाला असा अंक फार उपयोगी.

हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर कॉमिक क्वचितच असतं, पण जुनी पुस्तकं घरात असणारी माणसं तिथं भेटतात. वडिलधाऱ्यांशी बोला. काका, आजोबा म्हणून दोन शब्द विचारले की माळ्यावरच्या पेटीची गोष्ट निघते. पुण्याला जाणं झालं तर अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची जुन्या पुस्तकांची दुकानं बघून या.

वाचायला म्हणून सगळ्यात सोयीचं पुस्तक म्हणजे डीसीनं काढलेले ‘अ‍ॅक्शन हीरोज आर्काइव्हज’चे दोन खंड, २००४ आणि २००७ चे. टेड कॉर्ड आणि क्वेश्चन दुसऱ्या खंडात आहेत. फॉक्सचा १९३९ नंतरचा जुना ब्लू बीटल तर फुकट वाचता येतो. हक्क संपलेली कॉमिक्स जपणाऱ्या ‘डिजिटल कॉमिक म्युझियम’ आणि ‘कॉमिक बुक प्लस’ या संकेतस्थळांवर ती पानं आहेत. कुठली शाई कुणाची, गोष्ट कुणाची, हे ताडून बघायला ‘ग्रँड कॉमिक्स डेटाबेस’ वापरा.

मूळ अंक परदेशातून मागवायचाच असेल तर अंकाच्या किमतीत पोस्टखर्च आणि सीमाशुल्क मिळवून मग हिशेब करा. मधल्या दर्जाच्या अंकाला पुष्कळदा पाठवण्याचाच खर्च जास्त पडतो. पावसाळ्यात मागवू नका.

सातवी पायरी: अंकाची तब्येत आणि पावसाळा

संग्राहक अंकाची अवस्था अर्ध्यापासून दहापर्यंतच्या मापात सांगतात. दहा म्हणजे यंत्रातून आत्ताच निघाल्यासारखा. विकणाऱ्यानं सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः बघा: पाठीच्या घडीवर पांढऱ्या चिरा किती, पिनांना गंज आहे का, मधलं जोडपान सुटलंय का, मागच्या जाहिरातीचं कूपन कुणी कापून घेतलंय का, पानं मोजून बत्तीस भरतात का. शरीर कमावण्याच्या आणि टपाल तिकिटांच्या जाहिरातींची कूपनं मुलं खरोखरच कापत असत, आणि कूपनाच्या मागच्या बाजूला गोष्ट असेल तर तीही जाते. चार्लटनच्या बाबतीत एक सवलत द्या: वाकडं कापलेलं मुखपृष्ठ किंवा सरकलेला रंग हा बहुधा कारखान्यातूनच आलेला असतो, आधीच्या मालकाची हयगय नव्हे.

वाचायला घेतलेला अंक पाच-सहाच्या वर असण्याची गरज नाही. तुम्हाला तो उघडायचा आहे.

आपल्या हवेत खरा शत्रू ओल. खानापूर, जांबोटीकडं तर जून ते सप्टेंबर भिंतीलाच पाणी सुटतं. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं आम्ल त्याला आतूनच पिवळा आणि ठिसूळ करतं. ओल आणि उष्णता ते काम लवकर उरकतात. पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पिशवी, मागं आम्लविरहित पुठ्ठा, आणि अंक उभा, दोन्ही बाजूंनी हलका आधार देऊन ठेवा. साधी दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी वापरू नका, काही वर्षांत ती चिकट होते. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाका आणि पावसाळ्यात बदलत राहा. फाटलेलं पान सेलोटेपनं जोडू नका, त्याचा डिंक तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि मग निघत नाही.

कसर आणि वाळवीसाठी वेखंडाची पुरचुंडी घरोघरी ठेवतात, ती कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, अंकाला टेकवून नको. डांबरगोळ्याही कागदापासून लांबच. पेटी माळ्यावर ठेवली तर पत्र्याच्या उन्हानं भाजते, जमिनीलगत ठेवली तर ओल धरते. नदीकाठच्या गावात राहत असाल तर कमरेच्या वरचा कप्पा द्या, भिंतीपासून चार बोटं सोडून. कोरडं ऊन पडलं की वर्षातून दोनदा कपाट उघडून हवा द्या. अंक मात्र उन्हात मांडू नका, लाल आणि पिवळा सगळ्यात आधी उडतो.

वाचताना हात धुऊन, पूर्ण कोरडे करून बसा. अंक सपाट मेजावर ठेवून अर्धाच उघडा, पाठ दाबून पसरू नका.

पुढं काय

डिटको झाले की ‘थंडरबोल्ट’ घ्या. त्याचे लेखक-चित्रकार पीट मोरिसी न्यूयॉर्कच्या पोलिसात नोकरीला होते. बाहेरचं काम उघड करता येईना म्हणून ते ‘पी.ए.एम.’ या आद्याक्षरांनी सही करत. त्यांची रेषा डिटकोंच्या अगदी उलट, शांत आणि थंड. नायक हिमालयातल्या मठात वाढलेला आहे. तो हिमालय पाश्चात्त्य कल्पनेतला आहे हे आपल्याला लगेच कळतं, आणि तेही बघण्यासारखं आहे. मग पॅट बॉयेट यांच्या चित्रांचा ‘पीसमेकर’, जो नोव्हेंबर १९६६ मध्ये ‘फायटिन फाइव्ह’च्या अंक ४० मध्ये मागच्या पानांत आला आणि आता पडद्यावर सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. त्यानंतर फ्रँक मॅकलाफलिन यांचा ‘जुडोमास्टर’. मॅकलाफलिन स्वतः जुडो शिकलेले होते, त्यामुळं पकडी आणि फेक बघताना जरा थांबून, पाय कुठं रोवलाय ते पाहा.